वॉल्टर डूलीचे शंभर आकडे

दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात गोरेगाव-हिंगोली रस्त्यावरच्या जीपमध्ये एक गोष्ट कानाला तोंड लावून सांगितली जात होती. तांड्यावरची मिराबाई आडे, म्हणे, हिंगोलीत कॉम्प्युटरसमोर बसून कवड्या टाकते. कवड्या जशा पडतील तसे अमेरिकेच्या बेसबॉलच्या खेळाडूंना मार्क देते, आणि तिकडचे लोक ते मार्क खरे मानतात. एखाद्या गोऱ्याची कवडी उलटी पडली की बिचारा संघाच्या बाहेर.

एवढ्यावर थांबलं तर ते जीपमधलं बोलणं कसलं! पुढचं शेपूट असं, की हैदराबादचा एक साहेब तिला कामावरून काढायला वाघासारखा आला, तिनं त्याच्यापुढं सात कवड्या टाकल्या, आणि साहेब शेळी होऊन परत गेला. सांगणारा शेवटी आवाज खाली आणून विचारायचा, "आता बोला!" आणि ऐकणारा, ज्याला बेसबॉल खातात की नेसतात हे ठाऊक नव्हतं, तो गंभीर तोंड करून म्हणायचा, "असंल बुवा. कुणाच्या हातात काय असंल, सांगता येत न्हाई."

मिराबाईच्या हातात मुख्य म्हणजे हट्ट होता, आणि तोही मुठीत न मावणारा. वय छत्तीस. गोरेगावच्या अलीकडच्या तांड्यावर घर. नवरा रणजीत त्याच रस्त्यावर जीप चालवायचा, आणि सासू भिकाबाई अंगणातल्या बाजेवर बसून साऱ्या तांड्याच्या येण्याजाण्याची हजेरी घ्यायची. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मिराबाईनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. तिच्या वाट्याला आलेल्या खोलीत गणिताच्या पेपरला पहिला अर्धा तास सगळे गप्प बसले, मग खिडकीतून चिठ्ठी आली आणि सगळे एकदम हुशार झाले. चिठ्ठी मिराबाईच्या बाकावरही आली. तिनं ती न उघडताच मागं सरकवली. मागची पोरगी पास झाली, मिराबाई एकतीस मार्कांवर राहिली.

"अगं, आयती आली हुती तर बघायला काय झालं तुला?" रणजीत म्हणाला.

"त्यात दुसऱ्याचं गणित हुतं," मिराबाई म्हणाली. "मी माझं करून राहिले हुते."

ऑक्टोबरात ती पुन्हा बसली आणि बेचाळीस मार्कांनी सुटली. त्या दिवशी रणजीतनं जीपमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेढा दिला, आणि प्रत्येकाला आधीचे एकतीस मार्कही सांगितले. बायकोचं कौतुक करताना वर चिमूटभर मीठ टाकल्याशिवाय त्याला चव यायची नाही.

मग तिला कॉम्प्युटरचं वेड लागलं. हिंगोली जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. कचेऱ्या वाढल्या, तसे कॉम्प्युटरचे क्लासही वाढले. बस स्टँडमागं प्रमोद खिल्लारेंचा क्लास होता. खाली काचेचा दरवाजा, आत सहा मशीन, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. प्रमोद सर स्वतः तिशीचे. मिराबाई तिथं अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत बसून कोर्स शिकली. पोरी तिला काकू म्हणायच्या आणि की-बोर्डवर तिचं बोट अक्षर शोधत फिरायचं तेव्हा ओढणीत हसायच्या. सहा महिन्यांनी हसणं बंद झालं. काकूंचा वेग कमी होता, पण काकूंच्या पानात चूक सापडायची नाही. चूक शोधायला बसलेला माणूसच दमायचा.

म्हणून प्रमोद सरांना हैदराबादच्या एका कंपनीकडून काम मिळालं तेव्हा निवडलेल्या सहा जणांत मिराबाई होती. मशीन नंबर चार.

काम असं होतं, की ऐकणाऱ्याला ते काम वाटायचंच नाही. अमेरिकेत बेसबॉलचा एक कॉम्प्युटर गेम निघाला होता. त्यात बॅट आपण फिरवायची नाही. आपण संघाचे मालक व्हायचं, खेळाडू निवडायचे, आणि सामने मशीन आपलं आपण खेळतं. खेळाडूही खरे नव्हेत, कंपनीनं रचलेले. प्रत्येकाला चार आकडे: मारणं, पळणं, फेकणं, झेलणं. वीस म्हणजे नुसता दगड, ऐंशी म्हणजे देवमाणूस. असे सहाशे खेळाडू. त्या सगळ्यांच्या आकड्यांची यादी छापायची होती, आणि यादी बिनचूक व्हावी म्हणून सहा जणांनी ती वेगवेगळी भरायची, मग हैदराबादेत सहाही ताडून बघायच्या. सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं: गेम उघडा, 'नवी लीग' दाबा, दिसतील ते आकडे टाइप करा.

"हे म्हंजी आपलं क्रिकेटच की सर," पहिल्या मशीनवरचा दिपक म्हणाला. दिपकला सगळं आधीच कळलेलं असायचं.

"क्रिकेट न्हाई. यात बॅट गोल असते," प्रमोद सर म्हणाले. त्यांनाही याहून जास्त काही माहीत नव्हतं.

आता त्या उन्हाळ्यात विजेचं काय चाललं होतं ते हिंगोलीच्या माणसाला विचारा. लोडशेडिंग सकाळी चार तास, दुपारी चार तास, आणि मधल्या वेळात वीज गेली तर ती लोडशेडिंगमध्ये धरायची नाही. मशीनला जोडलेली बॅटरी दहा मिनिटं कण्हायची आणि प्राण सोडायची. वीज आली की गेम पुन्हा उघडायचा, पुन्हा 'नवी लीग' दाबायची, आणि राहिलेल्या ओळीपासून पुढं टाइप करायचं. सगळे असंच करायचे.

मिराबाई मात्र एक जास्तीचं काम करायची. पुढं जायच्या आधी मागच्या दहा ओळी फूटपट्टी धरून तपासायची. तिसऱ्याच दिवशी फूटपट्टी एका नावावर अडली. वॉल्टर डूली, डावीकडच्या मैदानातला खेळाडू. सकाळी तिनं स्वतःच्या हातानं त्याचं मारणं एकसष्ट लिहिलं होतं. आता समोर सत्तावन्न दिसत होतं.

तिनं चष्मा पुसला. सत्तावन्न. बाजूच्या मशीनवरच्या साक्षीला बोलावलं.

"साक्षी, हे किती हाय गं?"

"सत्तावन, काकू."

"सकाळी एकसष्ट हुता."

"उन्हानं उतरला असंल," साक्षी म्हणाली आणि खिदळत आपल्या जागी गेली.

दुपारी वीज गेली, आली. डूली चौसष्ट. मिराबाईला एखाद्या आजारी भाच्याचा ताप मोजल्यासारखं झालं. नुसता डूलीच नाही, त्याच्या वरचे खालचे सगळेच थोडे चढलेले, थोडे उतरलेले. ती उठून सरांकडं गेली.

"सर, मशीन रोज येगळं सांगून राहिली. मी कोनता आकडा टाकू?"

प्रमोद सर त्या वेळी जनरेटरवाल्याशी फोनवर भांडत होते. "स्क्रीनवर दिसतो तोच टाका, मिराताई," ते हातानं फोन झाकून म्हणाले.

तिनं तसंच केलं. ज्या वेळी जो दिसला तो, प्रामाणिकपणे. तिची यादी अशी पाच-पंचवीस लीगांच्या तुकड्यांची गोधडी झाली. आणि बाकीचे पाच? त्यांनी मागं वळून पाहिलंच नाही. दिपकची यादी सगळ्यात आधी पुरी झाली. विजेची ही तऱ्हा, उन्हाची ती तऱ्हा, आणि सहा जणांनी एकच यादी भरायची हे त्यांना मुळातच खुळेपणाचं वाटत होतं. एका दुपारी दिपकची फ्लॉपी चार मशीनमध्ये फिरली. वरचं नाव तेवढं बदललं. यात आपण काही वाईट करतोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. लहानपणापासून बाकावरून बाकावर चिठ्ठी जाते तशी फ्लॉपी गेली. मिराबाईच्या मशीनशीही आली.

"काकू, घ्या. उगा डोळे फोडू नका."

"नगं. माझं व्हत आलंय."

सहा याद्या हैदराबादला गेल्या. आठव्या दिवशी तिकडून कागद आला. पाच याद्या तंतोतंत जुळतात. चार नंबरची यादी कुणाशीच जुळत नाही. दोन हजार चारशे आकड्यांपैकी दोन हजारांच्या वर चुकीचे. चार नंबरवरची बाई स्क्रीनकडं न बघता मनानं आकडे टाकते. तिला काढून टाकावं. येत्या शुक्रवारी साहेब स्वतः येऊन बघतील.

प्रमोद सर माणूस भला. त्यांनी तिला बाजूला बोलावून चहा पाजला, आणि चहा संपल्यावर म्हणाले, "मिराताई, तुमी आठ दिवस सुट्टी घ्या. साहेब येऊन जाऊ द्या. मंग बघू."

"सुट्टी काहून घेऊ?"

"म्हंजी विषय वाढणार न्हाई."

मिराबाईनं कप खाली ठेवला. "सर, सुट्टी घेतली म्हंजी मी मनानं आकडे टाकले असा त्याचा अर्थ हुतो. मला काढायचं तर साहेबासमोर काढा. पर त्याच्या आधी मला चार दिवस मशीनवर बसू द्या."

"काय करणार चार दिवसांत?"

"डूली कितीदा बदलतो ते मोजनार."

प्रमोद सरांना डूली कोण ते आठवेना. पण या बाईला नाही म्हणण्यात आपलीच शक्ती जाते, हे त्यांना कोर्सच्या वेळेपासून ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी ती बसली. गेम उघडायचा, 'नवी लीग' दाबायची, डूलीपर्यंत जायचं, मारण्याचा आकडा बघायचा, चौकटीच्या वहीत त्या आकड्याच्या वर एक घर काळं करायचं, गेम बंद करायचा. पुन्हा पहिल्यापासून. जुनं मशीन प्रत्येक वेळी पाच मिनिटं कुरकुरायचं. वीज जायची. ती हातपंख्यानं वारा घेत तिथंच बसून राहायची. वीज आली की पहिलं बटण तिचं.

"काकू, त्या डूलीशी लगीन लावता का काय?" दिपकनं मंगळवारी विचारलं.

"तुझ्याशी कुणी लावंना म्हणून तुला दुसऱ्याची लग्नं सुचतात," मिराबाई वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. साक्षी एवढी हसली की तिच्या हातून माऊस पडला.

दिपक हसला नाही. ही बाई काय उकरते आहे याचा त्याला जरा जरा वास यायला लागला होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, मी काय म्हनतो, माझी यादी अजून हाय. तुमच्या नावावर पाठवून देऊ. सरांना सांगू, आदली यादी चुकून गेली. साऱ्या सहा जुळल्या की मिटलं."

"आन् मंग डूली किती?"

"सहासष्ट. साऱ्यांचा सहासष्टच हाय."

मिराबाईनं वहीत बघितलं. त्या वेळेपर्यंतच्या एक्केचाळीस खेपांत सहासष्ट एकदाच आला होता. ती म्हणाली, "जा बाबा, तुझं काम कर." आणि बेचाळिसाव्यांदा 'नवी लीग' दाबली.

बुधवारी जीप बंद पडली. रणजीत गाडीखाली आडवा होता. ती म्हणाली, "किती वेळ लागंल?" तो म्हणाला, "दोन तास." ती तिथून पायी निघाली, मागून आलेल्या टेम्पोत कांद्याच्या पोत्यांवर बसून हिंगोलीला पोचली आणि कपड्याला लागलेली टरफलं झटकत मशीनवर बसली. गुरुवारी वीज जायच्या तीन मिनिटं आधी शंभर पुरे झाले.

वहीतलं पान बघण्यासारखं होतं. खळ्यावर ज्वारीची रास घालावी तसा आकार: मधे उंच, दोन्हीकडं उतरता. सगळ्यात उंच टोक साठवर. एकसष्ट, एकोणसाठ त्याच्या खालोखाल. पन्नासच्या खाली एकही नाही, सत्तरच्या वर एकही नाही. सहासष्ट मोजून तीनदा. पण या पानाचा अर्थ काय सांगायचा ते तिला सापडेना. मशीन लबाड म्हणावी, तर लबाड इतक्या शिस्तीत कसं वागेल?

शुक्रवारी सकाळी, जीप निघायच्या आधी, ती अंगणात पान समोर धरून बसली होती. भिकाबाईला अक्षर येत नव्हतं, पण रास ओळखता येत होती.

"हे काय मोजून राहिली तू?" तिनं गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, विचारलं. घरात त्यांचं बोलणं गोरमाटीतच चालायचं.

मिराबाईनं सांगितलं. एकच माणूस, एकच मशीन, दर वेळी आकडा वेगळा. पण फार लांब जात नाही, साठच्या आसपास घुटमळतो.

"मंग त्यात काय!" भिकाबाई म्हणाली. "तुझी मशीन कवड्या टाकून राहिली."

आणि म्हातारीनं कोनाड्यातून आपली लग्नातली चुंबळ काढली. डोक्यावर घागर ठेवताना खाली घ्यायची ही चुंबळ. तिला चहूकडून कवड्या लावलेल्या. चार आधीच सुटून गाडग्यात पडल्या होत्या, तीन तिनं दातानं दोरा तोडून काढल्या. सात कवड्या ओंजळीत खुळखुळवून तिनं गोधडीवर टाकल्या. चार उताण्या. पुन्हा टाकल्या. तीन. मग चार, मग पाच, मग तीन.

"ल्हानपनी सारा दिस खेळायचो आमी. साती उताण्या पडाव्या म्हणून जीव जायचा, पर पडतात त्या तीन न्हाई तर चार. सात कधीमधीच. आन् दोघींच्या सारख्या तर कधीच पडल्या न्हाईत. पडल्या की समजायचं, एकीनं लबाडी केली."

मिराबाई उठून उभी राहिली. सासूच्या पायाला हात लावायचा तिचा रिवाज सणासुदीपुरता होता. त्या दिवशी सण नसताना लावला. कवड्या पदराला बांधल्या आणि जीपमध्ये जाऊन बसली.

साहेब बाराला आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कपाळावर प्रवासाची आठी. त्यांना तीनची गाडी गाठायची होती. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, "किधर है वो चार नंबर की बाई?"

"मी, साहेब."

"क्या बाई, मन से नंबर डालते क्या? मशीन एक, तो नंबर भी एक. पाँच लोगां का बराबर आया, तुम्हारा कायकू नहीं आया?"

"साहेब, तुमी सोता मशीन उघडा. दोनदा उघडा. डूलीचा आकडा बघा."

साहेबांनी बटणाकडं हात नेला, आणि त्याच क्षणी पंखा फिरता फिरता मंद झाला. वीज गेली. साऱ्या मशीनना मिळून असलेली बॅटरी आदल्या दिवशी वीज गेली तेव्हाच कायमची बसली होती. खोलीत असा उकाडा पसरला की दिपकच्या चेहऱ्यावरची सुटका घामासकट दिसली.

"कब आती?"

"चार वाजता, साहेब," प्रमोद सर खाली बघून म्हणाले.

"मेरी गाडी तीन को है. नक्को, बस हो गया," साहेबांनी बॅग उचलली. "खिल्लारे साब, इनका नाम निकालो. नहीं तो पूरा काम जाता."

प्रमोद सरांनी मिराबाईकडं बघितलं. त्या बघण्यात माफी होती आणि निर्णयही होता. मिराबाई दरवाजाच्या आणि साहेबांच्या मधे उभी राहिली. अडवलं असं म्हणता येणार नाही; फक्त हलली नाही.

"गाडीला अडीच तास हाईत, साहेब. मला पाव तास द्या. मंग नाव मीच काढते, माझ्या हातानं."

तिनं चौकटीचं पान टेबलावर पसरलं आणि त्याच्या शेजारी पदर सोडून सात कवड्या ठेवल्या. साहेब पानाकडं बघायच्या आधी कवड्यांकडं बघत राहिले.

"ये क्या है?"

"टाका, साहेब. दहा डाव टाका. उताण्या किती त्या मी लिहिते."

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. हैदराबादेत त्यांच्या हाताखाली पंचवीस माणसं होती. पण माणूस कितीही मोठा असो, समोर कवड्या पडल्या की हात खाजतोच. परत खुर्चीवर बसून त्यांनी टाकल्या. तीन. चार. चार. दोन. चौथ्या डावाला ते खुर्चीच्या कडेवर आले, सातव्याला बाह्या वर केल्या. पाच पडल्या तेव्हा तोंडातून "हौ!" निघून गेलं. दहा डाव झाले. मग मिराबाईनं दहा टाकले. दोन्ही रांगा तिनं एकाखाली एक लिहिल्या.

"साहेब, बघा. तुमच्या बी जास्ती तीन-चार, माझ्या बी जास्ती तीन-चार. पर डावाला डाव जुळले का?"

"दो जगह मिले," साहेब म्हणाले. "बाकी नहीं."

"हा डूली. शंभर खेपा मशीन उघडली. साठाच्या आसपास पडतो, पर रोज येगळा. मशीन दर नव्या लीगला कवड्या टाकून राहिली, साहेब. आता मला सांगा. तुमच्या-माझ्या दहा डावांत दोन जुळले. या पाच जणांचे दोन हजार चारशे डाव एकसारखे कसे पडले?"

साक्षी जमिनीवरच्या फरशीची नक्षी बघायला लागली. दिपकला तहान लागली, तो माठाकडं गेला आणि रिकाम्या पेल्यातून बराच वेळ पाणी प्यायला. साहेबांनी पाचांकडं एकेक करून पाहिलं, मग मिराबाईला विचारलं, "इन लोगां ने कॉपी किया क्या?"

"मला माझ्या मशीनचं विचारा, साहेब. दुसऱ्याच्या मशीनवर मी बसले न्हाई."

याच वेळी काचेच्या दरवाजाला नाक चिकटवून तांड्यावरची जिवनबाई उभी होती. बाहेर जीप भरत आली होती आणि मिराबाई येणार की नाही ते विचारायला रणजीतनं तिला पाठवलं होतं. जिवनबाईनं आत बघितलं: अंधारी खोली, इस्त्रीच्या शर्टातला साहेब बाह्या वर करून कवड्या खुळखुळवतोय, मिराबाई आकडे लिहून घेतीये आणि साहेब मान डोलावतोय. जिवनबाई आत न जाता परत गेली, जीपमध्ये बसली आणि जीप वाटेतल्या सिरसम गावाच्या पुढं जायच्या आत तेरा माणसांना सगळं सांगून मोकळी झाली. चौदावा रणजीत. तो गाडी चालवत होता, पण कान मागंच होते. त्यानं खोडून काढलं नाही. बायकोचा असा दरारा फुकट मिळत असताना कोण खोडून काढेल?

साहेबांनी पान घडी करून खिशात घातलं. "बाई, मैं जाके देखता. पर एक बोलो. तुम्हारे हिसाब से इस डूली का असली नंबर क्या?"

"साठ."

"पक्का?"

"तुमच्यापाशी असली यादी असंल तर तीत साठ असंल. नसंल, तर माझं नाव काढा."

प्रमोद सरांनी तिला खुणेनं थांबवायचा प्रयत्न केला. पण शब्द तोंडातून गेला होता आणि परत घ्यायची तिची तयारीही नव्हती. साहेबांनी पानाच्या घडीवर पेनानं 'साठ' लिहिलं आणि गेले.

पुढचे सहा दिवस मिराबाई रोज वेळेवर आली, मशीन नंबर चारसमोर बसली आणि काम नव्हतं म्हणून टायपिंगचा सराव करत राहिली. पाचही जण तिच्याशी बोलत नव्हते. सातव्या दिवशी फोन आला. प्रमोद सरांनी उचलला, दोनदा "जी" म्हणाले आणि रिसीव्हर तिच्याकडं धरला.

"बाई, हैदराबाद में भी डूली हर बार अलग आया," साहेब म्हणाले. "अमरीका वालों को पूछा. उनोंने जानबूझके ऐसा बनाया, हर नई लीग में नंबर थोड़ा हिलता, ताकि खेल हर बार नया लगे. बंद करने का एक खाना है सेटिंग में. हमारे इधर किसी ने वो पन्ना खोलाइच नहीं."

"आन् डूली?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"वो खाना बंद किया तो साठ. एकदम साठ."

सहाशेच्या सहाशे खेळाडूंची यादी नव्यानं करायची ठरली, सहाही जणांनी, पहिल्या ओळीपासून. दिपक महिनाभर धुसफुसत राहिला. साहेबांनी माफी मागितली नाही. नव्या सूचनांच्या कागदावर मात्र पहिलीच ओळ होती: काही अडलं तर मशीन नंबर चारला विचारावं. तो कागद मिराबाईनं घरी नेऊन भिकाबाईला वाचून दाखवला. म्हातारी म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. माझ्या कवड्या कुठं हाईत?"

जीपमधले काहीही सांगोत, साहेब आले त्या शुक्रवारी हिंगोलीत वीज नव्हती. कवड्या दहा वेळा साहेबांनी टाकल्या आणि दहा वेळा मिराबाईनं. त्यातला एकही आकडा यादीत गेला नाही.